आत्याला 'समन' केलं ती तिन्हीसांज

एका इंग्रजी क्रियापदामुळे मी आणि वडील आमच्याच घराबाहेर अडकलो.

मॅट्रिकला मी इंग्रजीत एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो तर शाळा बंद आणि गडमुडशिंगीला मामाच्या म्हशी राखायच्या! त्यात सरांनी 'समन' हे क्रियापद वाक्यात वापरून आणायला सांगितलं. कोशात अर्थ होता, 'अधिकाराने पाचारण करणे'. (तो समजायला आणखी एक कोश हवा होता!) कचेरीला जाताना वडील म्हणाले, "नुसतं घोकून न्हाय येत. वापरून बघ की!"

तिन्हीसांजेला वीज गेली. मागच्या उसात पान हलत नव्हतं. मी परसात खिडकीशी उभा राहिलो आणि खर्जात म्हटलं, "आत्याऽऽ... आय समन यू!"

आतली भांडी वाजायची थांबली. दुसऱ्या खिडकीशी गेलो. "आईऽऽ... आय समन यू!" धाडकन कडी लागली.

मग आत्याचा कापरा आवाज आला. माहेरपणाला आलेली ती; तिला राधानगरीच्या जंगलात दिलेली, त्यामुळे भुतांची सगळी माहिती तिच्याकडे. "वयनी, ओ देऊ नगा! एकदाच हाक मारतंय. माणूस असतं तर तीनदा मारली असती. ह्ये बाहेरचं हाय!"

मी भोवताली पाहिलं. परसात तर मी एकटाच होतो. मग हाका कोण मारतंय? (आपणच, हे डोक्यातही आलं नाही!)

तेवढ्यात उसात खसफसलं. "बाळ्या!" एकदाच! मी डोळे मिटून तुळशीवृंदावनाला मिठी मारली. खांद्यावर गार हात पडला.

"बहिरा झालास व्हय रं?"

मी किंचाळलो. माझं ऐकून वडीलही किंचाळले! सायकल पंक्चर म्हणून ते बांधावरून चालत आले होते. त्यांनी दार ठोठावून बहिणीला हाक मारली. "शांते, दार उघड!"

"आता दादाचा आवाज काढतंय मेलं!" आत्या आत ओरडली आणि तिनं चुलीत मिरच्या टाकल्या. फटीतून धूर आला. आम्ही दोघं खोकून बेजार झालो. भूत खोकत नाही, असं तिचं मत होतं, म्हणून कडी निघाली. दारात आत्या, हातात केरसुणी.

"मुकाट्यानं आत या दोघंबी!"

कचेरीत हेडक्लार्क असलेले वडील मान खाली घालून आत गेले. मी त्यांच्या मागं. अधिकाराने पाचारण म्हणजे काय, ते तिथं कळलं.

सकाळी लिहिलं, 'माय आन्ट समन्ड अस.' सर खूश! त्या वर्षी काठावर पास झालो. आत्या गावभर सांगत सुटली, पोरगं मिरच्यांच्या धुरीनं सुधारलं. मार्क बघता मलाही दुसरं कारण सापडलं नाही!