मारोतीभाऊंची नाडी

नाटक कंपनीच्या गाडीत पडद्यांपेक्षा किस्सेच जास्त कोंबलेले असतात. धानकापणी झाली, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला आणि गाडी सावली गावाच्या पुढं गेली, की कोणीतरी म्हणतंच, "शोभाबाई, सुधाकर डॉक्टरचा सांगा ना!"

सुधाकर खरा मोबाईल रिपेअरवाला. स्टेजवर मात्र कायम डॉक्टर! खुर्चीत मेलेल्या मारोतीभाऊंची नाडी पाहायची आणि "सॉरी" म्हणायचं, एवढंच काम. मग माझा, म्हणजे बायकोचा, हंबरडा.

*

एका गावात त्यानं मनगट धरलं, तर मागून आवाज आला, "ओ डॉक्टर, हात पाहून राह्यले का? भाऊचं लगन कवा आहे ते सांगा!"

झालं! पब्लिक खोखो हसलं, मरण वाया गेलं. डायरेक्टर भडकले. "उद्यापासून मान धर! मागच्या लाइनले दिसलं पाहिजे."

*

तालमीत सुधाकरनं मान धरली. दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, चांगला जोर लावून! मारोतीभाऊ सत्तरीला टेकलेले. मान लुळी पडली, ते खुर्चीतून घसरले.

"व्वा भाऊ! काय ॲक्टिंग!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

भाऊ उठेचनात. चेहरा पांढराफटक. सुधाकर रडायलाच लागला, "मी मारलं का जी त्यायले?" आम्ही त्यांना नीट आडवं केलं. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणतात, "टाळ्या काऊन बंद केल्या?"

*

भाऊंना दवाखान्यात नेलं, तर तिथल्या सिस्टरनं सुधाकरलाच समोर उभं केलं. "मानेच्या नाडीतून मेंदूले रक्त जाते. दोन्हीकडून एकदम कधीच दाबाचं नाई! जोरानं दाबलं तं ठोके मंदावते, बीपी पडते, माणूस चक्कर येऊन पडते. मान पाहाचीच असंल तं एकच बाजू, दोन बोटं, हलक्या हातानं. चोळाचं बिलकुल नाई. अन् म्हाताऱ्या माणसाचं मनगटच पाहा."

"पण सिस्टर, मागच्या लाइनले दिसत नाई ना!"

"मंग त्यायले पुढं बसवा!"

*

"आधी कधी चक्कर आली होती का?" सिस्टरनं विचारलं. मीच सांगितलं, "राजाचा गळाबंद कोट घातला का डुलते. आमाले वाटे, राजा आहे, तोऱ्यात डुलत असंल."

सिस्टर हसली नाही. तिनं सरळ चंद्रपूरला पाठवलं. तिथं तपासणीत कळलं, मानेवर जरा दाब आला की भाऊंचे ठोके मध्येच थांबतात. छातीत छोटं मशीन बसवायचं ठरलं. आयुष्यभर स्टेजवर मरणारा माणूस त्या दिवशी खरंच घाबरला.

"साहेब, मशीन बसवल्यावर नाटक करता येईन का?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, त्याच्यासाठीच तर बसवतो!"

*

पुढच्या हंगामातला पहिलाच प्रयोग. भाऊ खुर्चीत मेले. मी उत्साहाच्या भरात बांगड्या आधीच फोडून मोकळी! सुधाकर आला, दोन बोटं मनगटावर ठेवली आणि तसाच उभा राहिला. डोळ्यांत पाणी.

विंगेतून प्रॉम्प्टर ओरडतोय, "सॉरी म्हण बे! सॉरी!"

सुधाकरनं पब्लिककडं तोंड केलं आणि गळा फाडून ओरडला, "चालू आहे! नाडी चालू आहे!"

अख्खा मंडप उभा! शिट्ट्या, टाळ्या, आणि मधोमध मी, फुटक्या बांगड्या घेऊन बसलेली.

मारोतीभाऊ डोळे न उघडताच पुटपुटले, "शोभे, उठू का मरू?"