इडली भात की फराळ?

वासुदेवरावांना वाद लागायचा तो तोंडाला चव यावी म्हणून. टेलिफोन खात्यात सत्तावीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस एरवी मुंगीलाही दुखावणारा नव्हता. पण समोरच्यानं पूर्व म्हटलं की हे पश्चिम म्हणणार, आणि तेच खरं करून दाखवणार. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरांच्या ओळीत सगळ्यांना ही खोड ठाऊक होती, आणि वासुदेवरावांना तिचा अभिमानच होता.

शहाण्णव सालच्या एका शनिवारी सकाळी शेजारचे कृष्णमूर्ती केळीच्या पानात बांधलेल्या गरम इडल्या घेऊन आले. पायरीवर बसून खाता खाता म्हणाले, "बरं आहे राव, आज रात्रीही हेच. शनिवारी रात्री भात शिवायचा नाही, पण इडली म्हणजे फराळ!"

झालं! वासुदेवरावांनी चटणीचं बोट पुसलं.

"फराळ कसला? तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. बहुमत कुणाचं?"

"हॉटेलच्या पाटीवर इडली टिफिनखाली असते, मील्सखाली नाही."

"पाटी रंगवणाऱ्याला विचारून उपास करणार का तुम्ही? इडली म्हणजे वाफवलेला भातच. शनिवारी रात्री ती खाणाऱ्यानं सरळ भात खावा. देवाला फसवल्याचं पाप तरी लागणार नाही!"

कृष्णमूर्ती हसता हसता हरले. वासुदेवराव खुशीत ऑफिसला गेले.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी अनुसूयाअक्का, त्यांच्याकडेच राहणारी विधवा थोरली बहीण, न्हाणीच्या दाराशी चक्कर येऊन बसली. वासुदेवराव डॉक्टरांना आणायला निघाले, तशी बायको शारदाबाईंनी त्यांना अडवलं.

"डॉक्टर काय करणार? चार शनिवार झाले, रात्री तोंडात काही घालत नाहीत त्या. इडली म्हणजे भात, हे तुम्हीच सांगितलंत ना पायरीवर बसून? आत ऐकू येत होतं सगळं."

"अगं, ती चेष्टा होती! आणि इडली नाही तर चपाती खावी. उपाशी कशाला?"

"पाप फेडायला. तुमच्या छातीत दुखून तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा त्यांनी मारुतीला एकशे आठ शनिवारांचा नवस बोलला होता. सहाच राहिले होते. शनिवारी रात्री भात सोडून फक्त दोन इडल्या खायच्या. तुमच्या शेजारीच बसून खायच्या. आता सगळं मोडलं म्हणून पहिल्यापासून धरलंय, तेही निर्जळी."

वासुदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं ती शेजारी बसून खात होती आणि त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. जेवतानाही ते कुणाशी तरी वादच घालत असत. आपल्याच जिवासाठी केलेलं व्रत आपण टाळीसाठी मोडून टाकलं, या विचारानं त्यांना मान वर करवेना.

ते आत गेले. अक्का भिंतीला टेकून बसली होती.

"अक्का, इडली फराळच गं. शंभर टक्के फराळ. आज दोन खा, स्वल्प बरं वाटेल."

"मग त्या दिवशी खोटं बोललास?"

"खोटं नाही. कृष्णमूर्ती फराळ म्हणाले, म्हणून मी भात म्हणालो. ते भात म्हणाले असते तर मी..."

वाक्य पुरं करायची त्यांना लाज वाटली.

अक्का रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "लहानपणापासून मी तुझंच ऐकत आले वासू," ती म्हणाली. "घरात शिकलेला तू एकटाच. तू सांगितलंस म्हणून उपाशी राहिले. आता खा म्हणतोस, तेही जिंकायलाच का?"

"नाही गं अक्का."

"मग खरं काय ते सांग."

आयुष्यात पहिल्यांदाच वासुदेवरावांनी कुठलीच बाजू घेतली नाही. "मला माहीत नाही," ते खाली बघत म्हणाले.

"सरी, बरं तर," अक्का म्हणाली आणि भिंतीला धरून हळूच उठली. "उद्या देवळातल्या भटजींना विचारते. आज राहू दे."

शारदाबाईंनी वाफेवरून उतरवलेल्या इडल्या ताटातच राहिल्या. त्या रात्री त्यांना कुणी हात लावला नाही.