पिवळ्या फुलाची सरकी

माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणायचो, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीनंतर माहेरी परत आली ती कडेवर तान्ही पोर आणि कमरेला सरकीची पुरचुंडी घेऊन. नवरा साथीत गेला होता. त्या साथीची तऱ्हाच उलटी होती. वर्षानुवर्षं खोकणारी म्हातारी माणसं मागे राहिली आणि भरल्या गाडीचं चाक एकट्याने उचलणारा माणूस अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. याचा राग मला आजही येतो, आणि तो कुणावर काढावा हे अजून कळलेलं नाही.

आमचं गाव एरंडोलजवळ. दुःखाला बायका आल्या, त्यांनी आधी पोर मागितली. तिला उंबऱ्याशी उजेडात नेऊन एकेकीने डोळे पाहिले. दाजींचे डोळे घारे होते, लग्नात सगळ्या गावाने पाहिलेले. पोरीचे मात्र आमच्यासारखे काळेभोर.

"पोरले बापनं काहीच उनं नही, माय," त्यातली एक म्हणाली. वाईट हेतूने नव्हे, पण बापाचं काहीच आलं नाही हे म्हणाली खरी. अक्काने पोर परत घेतली आणि पदराआड केली. बायका गेल्यावर ती वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, माले बांधकडली पट्टी द्या. त्यासना कापूस लावसू."

दाजींचा कापूस लावायला आबांनी पट्टी दिली. नाही कोण म्हणणार होतं?

तिच्या सासरी, भडगावकडे गिरणा नदीकाठच्या काळ्या जमिनीत, पिवळ्या फुलाचा कापूस होई. रुई लांब धाग्याची, हाताला मऊ. दाजी बियाणं स्वतः निवडायचे. आमच्याकडे पांढऱ्या फुलाचा कापूस, रुई आखूड आणि खरबरीत. पण एका बोंडातून ती जास्त निघे आणि झाड कमी पावसातही तग धरी. रुईपासून सरकी वेगळी करणाऱ्या जिनवाल्यांना वजन हवं, मऊपणा नको. म्हणून गावोगाव पांढरंच फूल पसरत चाललं होतं. शिवाय सगळ्यांचा कापूस एकाच जिनात जायचा आणि येताना सरकी यायची ती दहा शेतांची खिचडी होऊन. अक्काने आपला कापूस कधी जिनात दिला नाही. हाताने फिरवायच्या लाकडी चरकीवर ती स्वतः सरकी काढायची.

फुलं उमलायच्या दिवसांत ती सकाळीच पट्टीत असायची. पांढरं फूल दिसलं की झाड मुळासकट उपटायचं. मी धुळ्याला मास्तरकीला लागलो होतो. सुट्टीत आलो की थट्टेने विचारायचो, पांढऱ्या फुलाने तुझं काय घोडं मारलंय? ती हसायची नाही.

"मी मिसळू नही देसू, भाऊ," एवढंच म्हणायची.

पण बांधापलीकडे आबांचं सगळं शेत पांढऱ्या फुलांनी भरलेलं. मधमाश्या इकडच्या फुलातून उठायच्या आणि तिकडच्या फुलात बसायच्या. त्यांना कोण सांगणार की ही पट्टी एका मेलेल्या माणसाची आहे म्हणून?

वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे बायका शेतात दहीभात शिंपून कापसाची पूजा करतात. अक्काला तो मान उरला नव्हता. तिच्या पट्टीतला दहीभात आमची माय शिंपायची आणि अक्का बांधावर उभी राहून बघायची. पूजा झाली की मग तिचं काम. बियाण्यासाठी राखायच्या झाडाला चिंधी बांधायची रीत होती, म्हणजे त्याची बोंडं वेगळी वेचली जात. घरात चिंध्यांना तोटा नव्हता, पण अक्काने दाजींचं धोतर फाडलं. त्यांचं उपरणं तेवढं तिने जपून ठेवलं. त्यांच्या घरच्याच कापसाचं, हातसुताचं होतं ते.

मग एका वर्षी पाऊस मधेच गेला. पट्टीतली बरीच झाडं माना टाकून बसली. जी उभी राहिली त्यांना बोंडंही भरघोस आली, आणि फुलं पिवळीच. अक्काचा जीव भांड्यात पडला. तिने नेमक्या त्याच झाडांना धोतराच्या चिंध्या बांधल्या. कुठलाही शहाणा शेतकरी हेच करील. ती झाडांशी बोलायचीसुद्धा, पाणी नसताना तुम्ही राहिलात म्हणून त्यांचे उपकार मानायची.

पुढे हंगामामागून हंगाम पट्टीत पांढरी फुलं वाढत गेली. ती जितकी उपटी तितकी दुसऱ्या वर्षी पुन्हा हजर. ती टकळीवर सूत काढायची आणि उपरण्याच्या दशीशेजारी धरून बघायची. एका दिवाळीत मी समोरच बसलो होतो. सूत सारखं तुटत होतं. तिने पुन्हा पीळ दिला, पुन्हा तुटलं.

"हात बिघडना का मना?" तिने मला विचारलं. हात बिघडला नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

धुळ्याला सरकारी शेतावर कापसाचं काम पाहणारे एक साहेब होते. त्यांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. पिवळ्या आणि पांढऱ्याचा संकर झाला तर फूल पिवळंच येतं, म्हणाले. पांढरेपण जात नाही, ते आत दडून राहतं आणि पुढच्या एखाद्या पिढीत वर येतं. दुष्काळात तगली ती बहुतेक संकराचीच झाडं असणार. पांढऱ्याचा काटकपणा त्यांच्यात उतरला होता. तुमच्या बहिणीने ज्याला चिंध्या बांधल्या, तेच मिसळलेलं होतं.

हे अक्काला सांगू नये असं वाटत होतं. पण ती रोज उन्हात फुलं उपटत होती, तेही बघवेना. शेवटी सांगितलं. ती दळत होती. जातं थांबलं.

"म्हन्जे मीच," ती म्हणाली, "त्यासना धोतरनी चिंधी बांधीसन." मग डोळे पुसून म्हणाली, "सासरले असली बी व्हई. चाल, लई येऊ."

अस्सल बियाणं आणायला आम्ही गाडी जुंपून भडगावकडे निघालो. वाटेत ती कितीतरी वर्षांनी मोकळं बोलली. आता फुलांना उमलायच्या आधीच दोरा बांधायचा, माशी आत शिरायलाच नको, असं तिने ठरवून टाकलं होतं. सासर जवळ आलं तशी ती गाडीत उभी राहून शेतं बघायला लागली. दिवस फुलांचे होते. गिरणेकाठच्या त्या काळ्या जमिनीत, दोन्ही अंगांना, नजर जाईल तिथवर पांढरी फुलं होती.

दीर भला माणूस. त्याने पाणी दिलं, जेवायला थांबवलं आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "ते पिवळं? ते तं कव्हयनंच गयं, वहिनी. आते बठ्ठा गावमा हाईच शे."

म्हणजे जगात कुठे थोडंफार उरलं होतं, ते अक्काच्याच पट्टीत. आणि ते तसं राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने उरलेली सगळी सरकी भिजवली आणि म्हशीपुढे ठेवली. म्हैस खाईपर्यंत ती तिथेच उभी होती. एवढं रडताना मी तिला दाजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी पट्टीत आबांनी ज्वारी पेरली.

भावाची मुलगी सून करून घ्यायची आमच्यात चाल आहे. त्या चालीने भाची वयात आल्यावर दाजींच्या बहिणीच्याच घरी दिली. जावयाचे डोळेही काळे. लग्नात अक्का माझ्या कानाशी म्हणाली की तिकडचं कुणीतरी तिला पोरीत दिसावं असं फार वाटायचं, पण कधी दिसलं नाही. भाचीला बरीच वर्षं मूल नव्हतं. मग तिला दिवस गेले, आणि त्याच हिवाळ्यात अक्का न्यूमोनियाने गेली. उशाला उपरणं होतं. ते आम्ही तिच्याबरोबरच दिलं.

बाळंतपणाला भाची आमच्याकडेच आली. मुलगा झाला. काही महिन्यांनी मी धुळ्याहून गेलो तेव्हा ती त्याला घेऊन उंबऱ्याशी बसली होती. त्याच उंबऱ्याशी, जिथे बायकांनी तिचे डोळे तपासले होते. पोराने माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे घारे होते. हुबेहूब दाजींचे.

आत दडून राहतं, साहेब म्हणाले होते. कापसाचं बोलत होते ते. ज्या गोष्टीने अक्काची पट्टी नासवली, तीच गोष्ट इतकी वर्षं तिच्या कडेवर, तिच्या पदराआड दाजींना सांभाळत बसली होती. आणि मी, सगळं ऐकून आलेला मास्तर, मला हे तिला सांगायचं कधी सुचलं नाही.

"याना डोया कोनावर ग्यात, मामा?" भाचीने विचारलं.

"तुना बापवर."

ती पोराकडे बघत राहिली. "मी त्यासले देखेल नही," ती म्हणाली.

"मंग आते देख," मी म्हणालो. ते बघायला जी हवी होती, तिला आम्ही पौषात नदीकाठी पोचवून आलो होतो.