तुतीचा चौथा वाण

तुतीच्या पानात रुटिन किती असतं, हे मला मोजायचं होतं. रुटिन म्हणजे रक्तवाहिन्या नाजूक झालेल्यांना देतात ते पिवळं औषधी द्रव्य. वाण चार होते, एक गावठी आणि तीन बाहेरून आणलेले. सांगलीच्या कॉलेजात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे प्रबंध वेळेत गेला नाही तर वर्ष बुडेल ही धास्ती एकट्या माझी नव्हती.

तीन वाणांची पानं मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या तुतीच्या मळ्यातून तोडली. प्रत्येक झुडपाची शेंड्याची, मधली आणि बुडातली, सारखी मोजून. चौथ्या, म्हणजे गावठी वाणाच्या वेळी मला ताप आला. माझ्याऐवजी त्याच मळ्यात वडील, म्हणजे आबा, पानं तोडायला गेले. ते फौजेतून निवृत्त झालेले, सांगितलं तसं करणारे. चिठ्ठीत मी सगळं लिहून दिलं होतं.

घरी सावलीत वाळवलेली पानं त्यांनी आमच्या गावाहून, आष्ट्याहून, आणून दिली. मी ती कुटली, अर्क काढला, रंगाच्या गडदपणावरून प्रमाण दाखवणाऱ्या कलरीमीटरवर लावला. सुई इतकी सरकली की मी नळी पुसून पुन्हा लावली. तरी तेवढंच. गावठी वाण सगळ्यांत पुढे. माझे मार्गदर्शक सर सहसा हसत नसत, त्या दिवशी हसले. तक्ता टायपिंगला गेला.

रविवारी घरी जाऊन मी आबांना सांगितलं, आपला गावठी वाण पहिला आला. ते गोठ्यात होते.

"येनारच की रं. निवडून दिल्ती. जून, भोकं पडल्याली समदी शेरडाला घातली. तुज्या सायबाच्या हातात कसला बी माल द्यायचा व्हय?"

कोवळ्या पानात रुटिन जास्त असतं, हे मला वाचून माहीत होतं. म्हणजे आकडा वाणाचा नव्हता, निवडण्याचा होता. आणि आबा इतके खूश दिसत होते.

एस.टी.त मी स्वतःला समजावत आलो. कुणाला कळणार आहे? प्रबंध द्यायला बारा दिवस होते. मळ्याची छाटणी झाली असेल तर परत पानं मिळायला दोन महिने लागणार. सोमवारी प्रयोगशाळेच्या दाराशी मी दोनदा येऊन परत गेलो. तिसऱ्यांदा सरांनीच हाक मारली.

मी सांगितलं. शेळीचंही सांगितलं. सरांनी तक्ता पुढे ओढला. मला वाटलं, आता वहीच परत देतील.

"मळा छाटलाय का?"

"माहीत नाही, सर."

"मग इथं उभा का आहेस?"

मी पोचलो तेव्हा गड्यांनी निम्म्याहून जास्त मळा छाटला होता. गावठी वाणाच्या दोन ओळी उरल्या होत्या. ते विळा घेऊन पुढे येत होते आणि मी त्यांच्या पुढे पुढे पानं तोडत होतो. शेंड्याचं, मधलं, बुडातलं. एकजण म्हणाला, "गड्या, रोगट पानं कशाला भरतोस?" मी तीही पिशवीत टाकली.

पानं वाळायला सहा दिवस गेले. या वेळी सुई फारशी हलली नाही. गावठी वाण तिसरा आला.

आबांनी आणलेल्या पानांचं उरलेलं पाकीट मी टाकायला निघालो होतो. सरांनी ते ठेवायला लावलं आणि तक्त्यात एक ओळ वाढवली: गावठी, फक्त कोवळी पानं. टायपिस्टानं कुरकुर करत पान पुन्हा केलं. प्रबंध शेवटच्या दिवशी गेला.

आबांना मी तिसरा नंबर सांगितला, कारणही सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

"माज्यामुळं तुजं वरीस गेलं असतं."

"न्हाई गेलं, आबा. तुमची पानं वेगळी छापलीत."

"शेरडाला घातल्याली बी लिवलंय का काय?"

मी म्हणालो, तेवढं नाही लिहिलं.

"ते बरं केलंस," ते म्हणाले.