तलावाची वाटी

आमच्या तलावाच्या पाळीवर चार जन बसले का किस्से निघतेच. एकाचा संपला का दुसऱ्याचा सुरू. पन यंदाच्या उन्हाळ्यातला निघाला का लोकं चपला घालून घरी जातेत. तुमी बसा.

आमी चौघे. सुकदेव, मारोती, दादाजी आन मी. पानी उतरलं का चिखलात पायानं चाचपून शिंपले काढाचे, पाळीवरच उकडाचे. पहिली वाटी तलावाची. तिथं शेंदूर फासलेला गोटा हाये, त्याच्यापाशी ठेवाची, मंग आपन खाचं.

यंदा मले भूक लागली होती. मी म्हनलो, "गोटा खाते का बे? आन इकडं."

तलावाची वाटी मीच खाल्ली.

*

शिंपले उकडत होते तवाच सुकदेव म्हनला होता, "नव्या संडासाची नाली तलावातच सोडली गा. अजून शिजू दे."

"शिंपल्यानं तोंड उघडलं का उतरवाचं. जास्त शिजलं त रबर होते. तुले खाचं नसन त घरी जा."

गेला नाही. माह्या तोंडी कोन लागते?

एक वाटी मी घरी नेली. माही पोरगी शालू बाळंतपनाले आली होती, सातवा महिना. तिले शिंपले लय आवडते.

*

महिन्यानं सुकदेवचे डोळे पिवळे झाले. मंग मारोतीचे. मंग दादाजीचे.

मोहाडीचा डॉक्टर म्हने, "कावीळ. नालीची घान शिंपल्यात बसते. तोंड उघडलं म्हून शिजलं असं नाही, रोग आत जित्ताच राह्यते."

"पोटुशी बाईनं खाल्ले त?"

त्यानं पेन खाली ठेवला. "कुठं हाये ती?"

*

दादाजी खाटेवरून म्हने, "ध्यानात आलं का गा? पाळीवर ज्या ओळीनं बसलो होतो त्याच ओळीनं खाटेवर पडून राहिलो. सुकदेव, मारोती, मी."

"चूप बस."

"माह्या बाजूले तू होता."

त्याच हप्त्यात मारोती गेला.

*

मी रोज सकाळी शालूले अंगनात उभी करो, पापनी खाली ओढो, पाहो. डोळे पांढरे. तरी जेवन गोड लागे नाही. नववा लागला.

एक दिवस तिनं माही हनवटी धरली. "रोज माहे डोळे पाह्यता बाबा, तुमचे कोनी पाहिले?"

आरशात पाहिलं. हळद.

"तुले कसं काही झालं नाही वं?"

"मी खाल्लेच नाही. तुमी तलावाची वाटी खाल्ली, हे सुकदेवकाकानं सांगतलं. मंग त्याच सांजेले माही वाटी गोट्यापाशी ठेवून आली. तुमी शिव्या देसान म्हून बोलली नाही."

मी तसाच पाळीवर गेलो. देवाची वाटी, कोनी हात लावला नव्हता. उन्हानं गोट्यावरचा शेंदूर तडकला होता.

ते शिंपले मी सोता उकडले होते. सगळ्याईचे तोंडं वासलेले, तसेच वाटीत भरले होते.

आता सगळे मिटून बसले होते. आन ओले होते.