स्टँडचा नंबर आणि ॲपचे स्टार

स्टँडजवळ दुकान असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. कागद घेऊन आलेला माणूस एखादा तरी ठेवूनच जातो. जळगावात रिक्षा स्टँडला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मोबाईलवरून रिक्षा बोलवायचं ॲप आलं, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मीच भरले. त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच.

*

पहिला फॉर्म स्टँडवरच्या आमच्या नानांचा. ॲप रोज सकाळी चालकाचा फोटो मागतं. एकदा सलूनमध्ये नानांना डुलकी लागली आणि मिशी गेली. ॲप म्हणे, हा माणूस तो नाहीच.

"ताई, जुन्या फोटोतली मिशी काढून नव्यावर लावता येईल का?"

मिशी येईपर्यंत नाना रजेवर.

*

आबा स्टँडवरचे सगळ्यांत वडील. फोन साधा, ॲप नाही. कंपनी प्रत्येक भाड्यातून वाटा कापते, हे त्यांना नुकतंच कळलं.

"गाडी तुझी, गॅस तुझा, दुखणारी कंबर तुझी. मग कंपनी बसते कुठे रे नाना?"

*

आरटीओचे साहेब तपासणीला आले आणि नानांच्या रिक्षात डोकावले. "मीटर कुठंय?"

"घरी कपाटात, साहेब. एकदम नवं शे."

"मग कपाटाचं भाडं किती झालं?"

*

आमच्याकडे सवय शेअर रिक्षाची. ॲपवरची सवारी मागे बसलेली असताना नाना चौकात ओरडले, "चला, एक सीट!"

सवारी चिडली. "मी पूर्ण रिक्षा बुक केलीय."

"तुम्ही पूर्णच बसलात की भाऊ. बाजूची जागा रिकामी शे."

एक स्टार मिळाला.

*

असे स्टार घसरत गेले. कंपनीचा मेसेज मीच वाचून दाखवला: आणखी घसरले तर आयडी बंद. नानांची निम्मी कमाई ॲपवरूनच यायची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाणाऱ्या एका बाईंची सवारी नानांच्या फोनवर आली. पण स्टँडच्या रांगेत पहिला नंबर आबांचा होता, आणि पुढच्याला डावलून सवारी उचलायची नाही, हा इथला नियम. सवारी आबांना द्यावी, तर गाडीचा नंबर जुळत नाही म्हणून ती रद्द होणार.

नानांनी आपली रिक्षा काढली आणि नंबर आबांचाच राहावा म्हणून त्यांना शेजारी बसवलं.

दवाखान्यापाशी उतरून बाईंनी फोन उघडला. "छान आणलंत. पाच स्टार देते हं तुम्हाला."

नानांनी आबांकडे बोट दाखवलं.

"मला नको अक्का, त्यासले द्या. नंबर त्यासना व्हता."