व्हिगोचे अठरा गुण

व्हिगो थेस्ट्रुप भित्रा झाला, असं स्वेनबोर गावच्या ब्रिज क्लबात सगळे म्हणू लागले होते. चाळीस वर्षं फेरीबोटीवर काढलेला माणूस, दाट धुक्यातही बोट धक्क्याला लावणारा; आणि आता हातात राजे-राण्या भरलेल्या असताना बारकीशी बोली लावून गप्प बसायचा. क्लब चालवणारा प्रेबेन तर तोंडावर म्हणाला, "म्हातारा झालास गड्या. त्या बिचाऱ्या आस्टाच्या खेळाची माती करतोयस."

व्हिगोने ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. लोक त्याला नावं ठेवत होते, म्हणजे आस्टाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आस्टा त्याची सव्वीस वर्षांपासूनची भिडू. औषधाच्या दुकानात जन्म काढलेली, आता ब्याऐंशीची, जिभेला धार तीच. बायको गेल्यावर तोंड शिवून बसलेल्या या माणसाला तिनेच खेळायला बसवलं. "यात तोंडाने बोलायचं नसतं, तुला जमेल," म्हणाली. पहिला धडा तिने हा दिला: हातात जास्तीचा जोर, म्हणजे एक्का-राजा-राणी-गुलामाचे जास्त गुण, असेल तर तो दुसऱ्या बोलीत कळवायचा. आधी एक किलवर आणि मग दोन बदाम बोललास, की त्याचा अर्थ, माझ्याकडे अजून बरंच आहे, थांबू नकोस. त्यावर भिडूने पास म्हणायचंच नाही. "मी ज्या दिवशी त्यावर पास म्हणेन, त्या दिवशी पानं कायमची खाली ठेवेन," असंही ती म्हणाली होती. आणि आस्टा बोलली की बोलली.

मग गेल्या उन्हाळ्यात ती विसरायला लागली. आधी नावं, मग चष्मा, मग एकदा हुकूम कोणता तेच. व्हिगो मनात हिशेब करू लागला. क्लबातली मंगळवारची दुपार गेली तर तिच्याकडे उरतं काय? आणि आपल्याकडे तरी काय? म्हणून त्याने ती बोली लावणंच सोडलं. ती जिथे चुकेल असा प्रश्नच तिच्यापुढे येऊ द्यायचा नाही. पाच महिने तो हातचं राखून खेळला आणि हरत राहिला.

पण आस्टा आयुष्यभर गोळ्या मोजलेली बाई. खेळानंतर चौघांचीही पानं छापलेला कागद मिळायचा, तो ती घरी पेन्सिल घेऊन वाचायची. एका मंगळवारी व्हिगो तिला न्यायला आला, तर गाडीत बसल्या बसल्या तिने पाच कागद त्याच्या मांडीवर टाकले.

"हे बघ. अठरा गुण, दाखवलेस तेरा. इथे सतरा, दाखवलेस बारा. मला खुळी समजतोस का रे?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. मी विसरते हे मला ठाऊक आहे. डॉक्टर खोटं बोलतो, मुलगी खोटं बोलते. निदान तू तरी नको बोलूस."

व्हिगोला इतकी लाज वाटली की गाडीची किल्ली सापडेना. "नाही बोलणार," तो म्हणाला.

त्या दुपारी कॉफीनंतर समोर प्रेबेनची जोडी आली, आणि नशिबाची खोडच ती, व्हिगोच्या हातात अठरा गुण. त्याने एक किलवरने सुरुवात केली, आस्टाने एक इस्पिक लावलं. आता एक बिनहुकमी अशी कमजोर बोली लावून सुटता आलं असतं. त्याने दोन बदामचं कार्ड काढून ठेवलं.

आस्टाने ते कार्ड बराच वेळ पाहिलं. मग आपलं हिरवं कार्ड ठेवलं. पास.

बोली तिथेच थांबली, आणि रिवाजाप्रमाणे भिडूची म्हणून तिची पानं टेबलावर उघडी पसरली गेली. व्हिगोने खेळून दोन बदामला लागणाऱ्या आठच्या जागी अकरा हात केले. ती पुढे बोलली असती तर मिळणारी मोठी गेम हातची गेली, हे टेबलावर सगळ्यांना कळलं. प्रेबेन व्हिगोकडे वळून तोंड उघडणार, तोच आस्टा म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. त्याने सांगितलं होतं. मी थांबले."

उरलेले डाव ती नीट खेळली. मग स्वतः उठून प्रेबेनकडे गेली आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारपासून व्हिगोला दुसरा भिडू शोध."

व्हिगोला तिथेच, सगळ्यांसमोर रडू आलं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "मी ती बोली लावायलाच नको होती."

"नसती लावलीस तर आज तुझ्या गाडीत बसले नसते." ती म्हणाली. "गुरुवारी घरी ये. दोघंच खेळू. पानं उघडी मांडून."

"उघडी? मग बोली कसली लावायची?"

"लावायचीच नाही. तुझ्याकडे किती आहे ते मला दिसेल, आणि माझ्याकडे काय उरलंय ते तुला."